ब्रूस इस्मे: त्या एका रात्रीपलीकडे हा माणूस धंद्यात कसा होता?

खारे_वारे

मंडळी, एक शंका बरेच दिवस डोक्यात घोळतेय. टायटॅनिकबद्दल काहीही वाचायला घ्या, जे. ब्रूस इस्मे हा माणूस एकाच सीनपुरता येतो. जहाज बुडतंय, लोक रडतायत आणि हा मिशीवाला मालक हळूच बोटीत चढतो, संपला विषय. पण हा व्हाइट स्टार लाइनचा चेअरमन होता ना, आणि तेही १८९९ पासून, म्हणजे अपघाताआधी बारा वर्षं कंपनी हाच हाकत होता. जन्म १८६२ चा, गेला १९३७ मध्ये, चौऱ्याहत्तर वर्षांचं आयुष्य आणि त्यातले आपल्याला माहीत असलेले दोन-अडीच तास!

तर मला विचारायचंय की धंदेवाला म्हणून हा होता कसा? डोकं होतं की नुसता बापाच्या गादीवर येऊन बसला? कंपनी अमेरिकनांना विकली ती यानेच का, आणि चांगली चाललेली कंपनी विकायचं कारण काय? लाइफबोटी कमी ठेवायचं खरंच यानेच ठरवलं का? नंतर याला काढलं की आपणहून गेला? जो तो वेगळंच सांगतो. तो बोटीत चढला ते बरोबर की चूक यावर प्लीज शंभर प्रतिसाद नकोत. (येणार, माहितीये मला.)

कोळसावाला

छान धागा. पण सुरुवात बापापासून करावी लागेल, त्याशिवाय पोरगा कळत नाही.

थॉमस इस्मेनं १८६८ मध्ये दिवाळं निघालेल्या जुन्या व्हाइट स्टारचं नाव आणि झेंडा हजार पौंडांना उचलला. जहाजं वगैरे काही नाही, फक्त नाव. मग लिव्हरपूलचा गुस्ताव श्वाबे नावाचा बडा व्यापारी म्हणाला की पैसा मी उभा करतो, पण जहाजं बेलफास्टला हार्लंड अँड वुल्फकडूनच बांधून घ्यायची, कारण त्यातला वुल्फ हा त्याचा सख्खा भाचा. तिथून ही जोडी जमली ती कायमची. व्यवहार पण कसा, तर बांधायला जो खर्च येईल तो आणि वर ठरलेला नफा. त्यामुळे यार्डाला कुठे हात आखडायची गरजच नव्हती. १८७१ मध्ये यांचं पहिलं ओशॅनिक निघालं आणि थोड्याच वर्षांत अटलांटिकवर यांचा दबदबा झाला.

आता पोरगा. शिक्षण हॅरोला, मग बापाच्याच ऑफिसात चार वर्षं उमेदवारी. पहिल्याच दिवशी यानं कोट-हॅट बापाच्या केबिनमध्ये ठेवली तर म्हाताऱ्यानं सगळ्या कारकुनांना ऐकू जाईल अशा आवाजात सांगितलं म्हणे, की त्या नवीन पोऱ्याला सांगा, मालकाच्या खोलीत कपडे टाकायचे नसतात. किस्सा सांगोवांगीचा आहे पण बापलेकाचं जे एकंदर वाचलंय त्यावरून अगदी शोभतो. मग याला न्यूयॉर्कला एजंट म्हणून पाठवला, तिथं १८८८ मध्ये फ्लोरेन्स शीफेलिनशी लग्न झालं, १८९१ मध्ये लिव्हरपूलला परत येऊन फर्ममध्ये भागीदार झाला. १८९९ च्या नोव्हेंबरात बाप गेला आणि सदतिशी पण गाठलेली नसताना सगळा डोलारा याच्या अंगावर आला.

विक्रीचं म्हणाल तर ती पूर्ण समजून घ्या, कारण माझ्या मते याच्या आयुष्यातला सगळ्यात मोठा निर्णय हाच, बोटीत चढणं नाही. जे. पी. मॉर्गनला अटलांटिकवरच्या कंपन्या एका छत्राखाली आणायच्या होत्या म्हणजे भाडेयुद्ध थांबेल आणि दर आपल्या हातात येतील. त्यानं व्हाइट स्टारला दिलेली ऑफर अशी की १९०० सालच्या नफ्याच्या दहापट किंमत देतो. आणि १९०० हे साल कसलं, तर बोअर युद्धाचं, सरकार सैनिक न् घोडे न्यायला जहाजं भाड्यानं घेत होतं, नफा फुगलेला. इतका चांगला भाव पुन्हा कोण देणार होतं? ब्रूसला सुरुवातीला पटलेलं नव्हतं, बापानं तर हे होऊच दिलं नसतं, पण भागधारक अशा भावाला नाही कसे म्हणतील. १९०२ मध्ये व्हाइट स्टार मॉर्गनच्या इंटरनॅशनल मर्कंटाइल मरीनमध्ये (हेच ते कंबाइन) गेली. झेंडा ब्रिटिश, खलाशी ब्रिटिश, मालक अमेरिकन.

आता पुढची गंमत बघा. ब्रिटिश सरकार हादरलं. आपली प्रवासी जहाजं एकामागून एक अमेरिकेच्या खिशात चाललीत म्हटल्यावर त्यांनी व्हाइट स्टारची ब्रिटिश प्रतिस्पर्धी क्युनार्ड हिला स्वतंत्र ठेवायला २६ लाख पौंड कर्ज दिलं, व्याज फक्त पावणेतीन टक्के, आणि वर दरसाल दीड लाखाचं अनुदान. त्या पैशातून क्युनार्डनं बांधली लुसिटानिया आणि मॉरिटानिया, दोन्ही १९०७ च्या, जगात सगळ्यात वेगवान. मग त्यांना उत्तर द्यायचं म्हणून लंडनमध्ये हार्लंड अँड वुल्फचा प्रमुख लॉर्ड पिरी याच्या घरी जेवणानंतर इस्मे आणि पिरीनं तीन अजस्र जहाजांचा बेत केला असं म्हणतात. ऑलिंपिक, टायटॅनिक आणि तिसरं ब्रिटॅनिक. म्हणजे यानं कंपनी विकली म्हणून सरकारनं क्युनार्डला पैसे दिले, म्हणून ती दोन जहाजं झाली, आणि म्हणून याला टायटॅनिक बांधावं लागलं. स्वतःच्याच सहीतून निघालेल्या स्पर्धेशी हा माणूस पुढची दहा वर्षं झुंजत होता!

बापाच्या गादीवर नुसता बसला का, तर नाही. १९०४ मध्ये मॉर्गननं याला अख्ख्या कंबाइनचा प्रेसिडेंट केला, तो काय वडिलांचं नाव बघून नाही. १९०७ मध्ये यानं न्यूयॉर्कची मुख्य सर्व्हिस लिव्हरपूलवरून साउदम्प्टनला हलवली, कारण तिथून निघून वाटेत फ्रान्सात शेरबूरला थांबलं की युरोपातले श्रीमंत प्रवासी आयते मिळायचे. लिव्हरपूलवाले चिडले असणार पण धंदा म्हणून निर्णय पक्का होता. आणि वेगाच्या मागे न लागता मोठी, आरामशीर, कमी कोळसा खाणारी जहाजं काढायची हे वळण बापाच्या शेवटच्या काळात सुरू झालेलं, ते यानं नेटानं चालवलं. लुसिटानिया दिवसाला हजार टनांच्या आसपास कोळसा गिळायची. त्या हिशेबात ऑलिंपिक-टायटॅनिक तिच्याहून दीडपट मोठी असून बरीच काटकसरी.

खारे_वारे

हे विक्रीचं असं सलग कुठंच वाचलं नव्हतं, धन्यवाद कोळसावाले! पण मग बोटींचं काय? मालक अमेरिकन असला तरी जहाजावर काय असावं काय नसावं हे इस्मेच ठरवायचा ना?

लेखनिक_नाना

ठरवायचा, आणि किती बारकाईनं ठरवायचा ते ऐका. जून १९११ मध्ये ऑलिंपिकच्या पहिल्या फेरीत हा स्वतः जहाजावर होता आणि फिरून फिरून टिपणं काढत होता. गाद्यांच्या स्प्रिंगा जास्त उसळतात. खलाशांच्या भटारखान्यात बटाटे सोलायचं यंत्र पाहिजे. संडासात सिगार ठेवायला होल्डर नाही. रिसेप्शन रूममध्ये जेवणानंतर गर्दी होते तेव्हा वेताच्या खुर्च्या वाढवा. वरच्या डेकवर मोकळी जागा वाया जातेय, टायटॅनिकमध्ये तिथं केबिन काढा. आणि हे सगळं खरंच केलं गेलं, म्हणजे वरवरचा साहेब नव्हे, स्वतः बघणारा, स्वतः लिहिणारा माणूस. असा बॉस ज्यांच्या नशिबी आलाय त्यांना कळेल मी काय म्हणतोय :)

आता याच्या शेजारी दुसरी गोष्ट ठेवा. अलेक्झांडर कार्लाइल हा हार्लंडचा मुख्य डिझाइनर, लॉर्ड पिरीचा मेव्हणा. त्यानं बोटी उतरवायचे डेव्हिट असे घेतले होते की एकेकावर चार-चार बोटी बसतील, म्हणजे सोळा जोड्यांवर चौसष्ट. त्यानं १९१२ मध्ये अपघाताच्या ब्रिटिश चौकशीत, म्हणजे लॉर्ड मर्सीच्या चौकशीत, साक्ष दिली की इस्मे, व्हाइट स्टारचाच सँडरसन, पिरी आणि तो असे बसले होते, सकाळी दहा ते दुपारी दोन, सगळा वेळ सजावटीत गेला आणि बोटींच्या विषयाला पाच-दहा मिनिटं मिळाली. बोलत होते पिरी आणि इस्मे, बाकीचे दोघं नुसते बसलेले.

पाच-दहा मिनिटं. ज्या माणसाला संडासातला सिगार होल्डर दिसतो त्याला बोटी दिसल्या नाहीत असं मी मानायला तयार नाही. दिसल्या, पण त्याच्या लेखी तो प्रश्न आधीच सुटलेला होता, कारण सरकारी नियम पाळला जात होता. बोर्ड ऑफ ट्रेडचा तक्ता १८९४ चा, त्यात सगळ्यात वरचा गट दहा हजार टन आणि त्यापुढे, त्याला सोळा बोटी. टायटॅनिक ४६,३२८ टनांचं! तक्ता कुणी पुढे वाढवलाच नव्हता. कंपनीनं सोळा ठेवल्या, वर चार घडीच्या, एकूण वीस, त्यात जागा ११७८ माणसांना. त्या रात्री जहाजावर बावीसशेच्या वर लोक. आणि कागदावर कंपनी नियमापेक्षा पुढे, हे विशेष.

त्यामुळे "इस्मेनं पैसे वाचवायला बोटी काढून टाकल्या" हे जे सर्रास सांगतात ना, त्यात दम नाही. इतक्या खर्चिक जहाजावर चाळीस लाकडी बोटींचे पैसे ते काय. नियमात बसतंय ना, मग पुढचा विषय घ्या, असं झालं. खुद्द कार्लाइल १९११ मध्ये सरकारच्या सल्लागार समितीत होता आणि बोटींची संख्या फारशी न वाढवणाऱ्या अहवालावर त्याचीही सही. चौकशीत विचारल्यावर म्हणाला, त्या दिवशी मी मऊ पडलो. बरं निदान कबूल तरी केलं.

टोमणे_आत्या

नाना, लिहिलंत छान पण तुम्ही सगळे मिळून त्याला फारच सोज्वळ करताय. "नियमात बसत होतं" हे प्रत्येक कंपनीवाल्याचं ठरलेलं वाक्य आहे हो.

आणि धागाकर्तीची किंवा कर्त्याची माफी मागून, बोटीचा विषय धंद्यापासून वेगळा काढताच येत नाही. मर्सीच्या चौकशीत क्लेमेंट एडवर्ड्स हा गोदी कामगारांच्या युनियनचा वकील आणि खासदार, त्यानं इस्मेला नेमकं इथंच धरलं. बोटी किती ठेवायच्या हे ठरवणाऱ्यांत तुम्ही होतात ना? होतो. मग सगळ्यांना पुरतील इतक्या बोटी नाहीत हे ठाऊक असताना तुम्ही त्यातली एक जागा घेतली? मर्सीनं मध्येच विचारलं की तुमचं म्हणणं असं का, की त्याच्या हुद्द्याच्या माणसानं जहाजाबरोबर बुडायला हवं होतं, तर एडवर्ड्स म्हणाला होय, स्पष्टच सांगतो, तसंच म्हणणं आहे. मला हा प्रश्न अमेरिकन पेपरांच्या शिव्यांपेक्षा कितीतरी जड वाटतो. हर्स्टच्या पेपरांनी काय, ब्रूसचं "ब्रूट" केलं आणि मोकळे झाले.

मर्सीनं अखेर इस्मेला दोष दिला नाही. इस्मेनं बऱ्याच जणांना मदत केली होती, शेवटी उजव्या बाजूची घडीची सी बोट खाली जात असताना जवळ कुणी नव्हतं, जागा होती, म्हणून चढला, न चढता तर मेलेल्यांत आणखी एकाची भर पडली असती, असा निर्वाळा. न्यायाधीश म्हणून ठीकच. पण इस्मेबरोबर आलेले त्याचा नोकर रिचर्ड फ्राय आणि सेक्रेटरी विल्यम हॅरिसन दोघंही गेले, ही माहिती फार कमी लोक देतात. साहेब वाचले, स्टाफ गेला.

आणि वाचलेल्यांना उचलणाऱ्या कार्पेथिया जहाजावरून इस्मेनं केलेल्या तारा? "यामसी" अशी सही, म्हणजे इस्मेचं नाव उलटं, त्याची खासगी सही ती. मजकूर काय, तर सेड्रिक जहाज न्यूयॉर्कला थांबवून ठेवा, खलाशांना त्यातून लगेच परत पाठवू, मी पण त्यानंच येतो. अमेरिकेतली चौकशी करणाऱ्या सिनेटर स्मिथच्या हाती हे लागलं आणि तो धावत न्यूयॉर्कला आला तो उगाच नाही. साक्षीदारच इंग्लंडला निघून गेले असते.

कोळसावाला

आत्या, सेड्रिकचं एक सांगतो. त्या काळी जहाज बुडालं की त्या क्षणापासून खलाशांचा पगार बंद, अशी पद्धत होती. दोनशेच्या वर खलाशी न्यूयॉर्कमध्ये बिनकामाचे अडकवून ठेवण्यापेक्षा लवकर घरी पाठवणं यात वावगं काही नव्हतं. "मी पण त्यानंच येतो" हे मात्र त्यानं लिहायला नको होतं, तिथं तुमच्याशी सहमत.

दर्यावर्दी_नवखा

माझा साधा प्रश्न, यानंच कॅप्टनला वेग वाढवायला लावला हे खरं ना? सगळीकडे तसंच दाखवतात.

लेखनिक_नाना

अर्धवट खरं. अटलांटिक सगळ्यात वेगानं पार करायचा विक्रम मोडायचा होता हे तर अशक्यच, मॉरिटानिया पंचवीस-सव्वीस नॉट जायची, टायटॅनिक जीव तोडून पळालं असतं तरी तिच्या जवळपास नाही. इस्मेची साक्ष अशी की आयर्लंडातल्या क्वीन्सटाउन बंदरात चीफ इंजिनिअर बेलशी बोलणं झालं होतं, हवा चांगली असली तर सोमवारी किंवा मंगळवारी काही तास पूर्ण वेग काढून बघू. जहाज बुडालं रविवार-सोमवारच्या रात्री, म्हणजे ती ट्रायल झालीच नाही. उलट बुधवारी पहाटे पाचच्या आधी न्यूयॉर्कच्या दीपनौकेपाशी पोचायचं नाही असंच ठरलं होतं हे त्याचं म्हणणं. एलिझाबेथ लाइन्स नावाच्या प्रवासी बाईंनी मात्र सांगितलं की शनिवारी कॅप्टन स्मिथशी बोलताना हा ऑलिंपिकपेक्षा भारी फेरी होणार म्हणून खूश होत होता. मला दोन्ही एकदम खरं असू शकतं असं वाटतं.

पण माझा खरा आक्षेप वेगळाच. बाल्टिक जहाजाची हिमनगाचा इशारा देणारी तार कॅप्टननं रविवारी दुपारी जेवणाआधी इस्मेच्या हातात दिली. यानं ती खिशात घातली, दुपारी दोन बायकांना दाखवली सुद्धा, आणि संध्याकाळी सव्वासातच्या सुमारास कॅप्टननं मागून घेतली तेव्हा परत दिली. अहो, तुम्ही साधे प्रवासी होतात असं साक्षीत सांगता, मग साध्या प्रवाशाच्या खिशात जहाजाची तार पाच-सहा तास काय करत होती? मर्सीच्या अहवालात पण ही तार चार्टरूममध्ये, म्हणजे नकाशांच्या खोलीत, लागायला हवी होती असंच आहे. यानं तोंडानं हुकूम दिला नसेल, पण मालक डेकवर असला की कॅप्टनची मान आपोआप त्याच्याकडे वळते, कुठल्याही ऑफिसात बघा.

खारे_वारे

खिशातल्या तारेचा मुद्दा जबरदस्त. आता शेवटचा प्रश्न राहिला, काढलं की गेला?

कोळसावाला

दोन्ही, थोडं थोडं. कंबाइनचं प्रेसिडेंटपद सोडायचं त्यानं अपघाताच्या आधीच ठरवलं होतं, त्याचा हॅरॉल्ड सँडरसनशी पत्रव्यवहार आहे, ३० जून १९१३ ला सँडरसननं सूत्रं घ्यायची. अपघातानंतर याला वाटलं की कंबाइन सोडू पण निदान व्हाइट स्टारचं चेअरमनपद राहू दे, घरचीच कंपनी शेवटी. न्यूयॉर्कवाले नाही म्हणाले. म्हणजे एक खुर्ची त्यानं सोडली, दुसरी त्याच्याकडून काढून घेतली. बापानं हजार पौंडांत घेतलेल्या नावावर याचा काडीचा हक्क उरला नाही, कारण १९०२ मध्ये ते विकून झालेलं.

नंतर आयर्लंडात कॉनेमाराला जाऊन तोंड लपवून बसला हे जे चिकटवलंय ते पण अतिशयोक्त आहे. तिथं घर होतं, मासेमारीचा नाद होता, मुक्काम असायचा, पण लंडन आणि लिव्हरपूलमधली कामं चालूच होती. रेल्वे कंपनीचा डायरेक्टर होता, लंडन मिडलँड अँड स्कॉटिशचा. जहाजमालकांच्या परस्पर विम्याची लिव्हरपूल अँड लंडन संस्था होती तिचं चेअरमनपद पण सांभाळलं. खलाशांच्या विधवांच्या फंडाला त्यानं दहा हजार पौंडांहून जास्त दिले, पुढे १९१९ मध्ये युद्धातल्या व्यापारी खलाशांसाठी पंचवीस हजार. आत्या म्हणतील अपराधी मन, म्हणू देत. मधुमेहानं १९३६ मध्ये एक पाय कापावा लागला, दुसऱ्या वर्षी ऑक्टोबरात लंडनला गेला.

टोमणे_आत्या

आत्या काही म्हणत नाहीयेत, पंचवीस हजार त्या काळात थोडे नव्हते एवढं कळतं मला.

दर्यावर्दी_नवखा

आणि व्हाइट स्टारचं पुढे काय झालं?

लेखनिक_नाना

कंबाइन १९१५ मध्येच रिसीव्हरशिपमध्ये (म्हणजे देणी थकल्यानं कोर्टाच्या देखरेखीखाली) गेलं होतं, विकत घेतानाच भाव जास्त दिलेला त्याचं हे फळ. १९२७ मध्ये रॉयल मेल या जहाज कंपनीच्या लॉर्ड किलसँटनं व्हाइट स्टार सत्तर लाख पौंडांना परत ब्रिटिश मालकीत आणली, सगळीकडे कौतुक, आणि १९३१ मध्ये हा किलसँट खोट्या प्रॉस्पेक्टसपायी (गुंतवणूकदारांना दाखवायच्या माहितीपत्रकापायी) थेट तुरुंगात. १९३४ मध्ये उरलीसुरली व्हाइट स्टार विलीन झाली ती कोणात, तर क्युनार्डमध्ये. इस्मे तेव्हा जिवंत होता. किलसँटवर कुणीतरी वेगळा धागा काढा राव, त्याच्या हिशेबाच्या वह्यांपुढे इस्मे म्हणजे देवमाणूस. मी सुरुवात केली असती पण आत्या तिथं आधी पोचतील.